स्पॅनिशमध्ये ‘येतो’ म्हणताना

शर्मिला गजभियेला स्थिर पाहायचं असेल तर तिचा पासपोर्टवरचा फोटो पाहावा, असं मी एकदा तिला तोंडावर म्हणाले होते. ती हसली आणि हसता हसता खिडकीपर्यंत जाऊन परत आली. बाई उभ्यानेच चहा पिते, उभ्यानेच शिकवते, फोनवर बोलताना जिन्यात खालीवर करते. पाहणाऱ्याला दम लागतो. त्या पासपोर्टवर आजवर एकही शिक्का उमटलेला नाही, हे मात्र मला पुष्कळ नंतर कळलं. सदाशिव पेठेत एवढी वर्षं स्पॅनिश शिकवणारी बाई स्पेनला कधी गेलेलीच नव्हती.

मी तिची विद्यार्थिनी. नाव मुक्ता नगरकर, बँकेतून निवृत्त. डॉक्टरांनी सांगितलं, डोक्याला काहीतरी नवीन खाद्य द्या. जर्मनचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर होता आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. स्पॅनिशचा पहिल्या मजल्यावर. माझी भाषा माझ्या गुडघ्यांनी निवडली. खाली दातांचा दवाखाना आणि वर आमचा वर्ग, म्हणजे दोन्हीकडे पैसे घेऊन लोकांना तोंड उघडायला लावायचे.

मला वाटलं होतं, आधी क्रियापदं पाठ करू, मग हळूहळू वाक्यं, मग जमलं तर बोलू. आमच्या पिढीला असंच शिकवलं. शर्मिलाने पहिल्याच दिवशी सांगितलं, उंबरठ्याच्या आत मराठी नाही, इंग्रजी नाही, आणि अहो-जाहो तर मुळीच नाही. पंखा लावायचा असेल, पेन हवं असेल, बाथरूम कुठे ते विचारायचं असेल, तर स्पॅनिशमध्ये. येत नसेल तर हातवारे करा. त्या दिवशी मी घामाघूम होऊन बसले, पण पंखा लावा म्हणाले नाही. रागाने घरी गेले आणि रागातच ते वाक्य शोधून काढलं. अजून विसरलेले नाही.

मग तिने आम्हाला जोड्या करून बुधवार पेठेत पाठवलं. एकाच्या हातात वस्तूचं चित्र, त्याने ते दुसऱ्याला दाखवायचं नाही, फक्त स्पॅनिशमध्ये सांगायचं. दुसऱ्याने दुकानात जाऊन ती वस्तू आणायची. माझी जोडीदार चैताली, हिंजवडीच्या एका कंपनीतली पोरगी, तोंडाने मशीनगन. ती म्हणाली, ‘एन्चूफे’ आण. मी शब्दकोशात पाहून भिंतीत बसवायचं सॉकेट आणलं. तिला हवी होती पिन. स्पॅनिशमध्ये म्हणे दोन्हीला एकच शब्द. बदलून घ्यायला गेले तर दुकानदार चष्म्यावरून बघत म्हणाला, “बाई, आधी घरी भांडून घ्या, मग या.” मी वर्गात येऊन शर्मिलावर तणतणले, आणि तणतणताना मराठीत बोलले म्हणून तिने मला पुन्हा पहिल्यापासून तणतणायला लावलं. स्पॅनिशमध्ये. काय सांगू, तिसऱ्या वाक्याला मलाच हसू आलं.

“चुकलं तरी चालेल,” हे तिचं पालुपद होतं. “सांगायचं ते पोचलं ना? मग झालं.” मला हे पटत नसे. मी चाळीस वर्षं आकडे जुळवत आलेली बाई. चुकलं तरी चालेल म्हणणाऱ्या माणसाकडे मी संशयानेच पाहते.

पण तिचं हे म्हणणं कुठून आलं ते तिने एकदा जिन्यात सांगितलं. तिचे वडील भंडाऱ्याकडचे, खडकीच्या कारखान्यात नोकरीला आले आणि इथलेच झाले. घर बौद्ध, शिकण्याचं वेड असलेलं. दर चौदा एप्रिलला वस्तीतल्या मंचावर शर्मिलाचं भाषण ठरलेलं, खणखणीत, पाठ केलेलं. तिला वाटायचं, आपल्याला बोलायची भीती नाही. पुढे ती स्पॅनिश शिकली, सगळ्या परीक्षा वरच्या नंबराने पास झाली, हिंजवडीत एका कंपनीत लागली. स्पेनमधल्या ग्राहकांच्या तक्रारींना लेखी उत्तरं द्यायची. उत्तरं इतकी सुरेख की तिकडे कोणाला ती इथली वाटेना. मग एके दिवशी तिकडून फोनच आला. नूरिया नावाची बाई होती, नुसतं ‘हॅलो, ऐकू येतंय का’ म्हणत होती. शर्मिलाच्या तोंडून एक अक्षर फुटलं नाही. सगळा मजला आपापल्या कामात होता, पण तिला वाटलं, सगळे आपल्याकडेच बघताहेत. तिने फोन ठेवला आणि ईमेल पाठवली की लाइन खराब होती.

“नूरियाचं उत्तर आलं, लाइन चांगली होती, श्वास घे आणि परत फोन कर,” शर्मिला म्हणाली. “केला मी. अर्ध्या तासाने. तेव्हापासून आमची मैत्री.”

पाठ केलेलं बोलणं म्हणजे बोलणं नव्हे, हे तिला त्या दिवशी कळलं, आणि त्याच अस्वस्थतेत तिने पुढे नोकरी सोडून हा वर्ग काढला. नूरियानेही ती कंपनी सोडली. आता ती स्पेनमधल्या एका छोट्या गावात वृद्धाश्रमाचं काम बघते. दोघींनी मिळून शनिवारचे कॉल सुरू केले. इकडे संध्याकाळ, तिकडे दुपारच्या जेवणाआधीची वेळ. तिकडच्या म्हाताऱ्यांना बोलायला माणूस हवं आणि आम्हाला चुकायला. एकेक विद्यार्थी लॅपटॉपसमोर बसायचा, बाकीचे मागच्या खुर्च्यांवर, आणि शर्मिला सगळ्यांच्या मागे येरझाऱ्या घालत. वर्गाचा जीव त्या कॉलमध्ये होता. ते काढून घेतले असते तर उरलं असतं ते पुण्यात गल्लोगल्ली मिळतं.

आता मच्छिंद्रबद्दल. मच्छिंद्र पारखी, हिंजवडीपलीकडच्या माण गावचा. चाकणच्या एका कारखान्यात मशीन दुरुस्तीवर होता. कंपनीचा एक कारखाना मेक्सिकोत, तिकडे नवी मशीनं बसवायला त्याला पाठवायचं घाटत होतं, तेवढ्यासाठी तो आमच्यात आला. धिप्पाड माणूस, पण वर्गात शिरला की आक्रसून बसायचा. त्याची मराठी ‘हाय-न्हाय’ची. चैतालीसारख्या पोरांपुढे तो मराठीतसुद्धा तोंड उघडायला लाजायचा, मग स्पॅनिशचं काय घेऊन बसलात. कितीतरी शनिवार तो लॅपटॉपसमोर बसून ‘सी’ आणि ‘नो’ एवढंच बोलून उठला.

त्याची गाठ पिलार नावाच्या आजीशी पडली तिथून चक्र फिरलं. पिलार चौऱ्याऐंशीची, कानाने अधू, स्वभावाने फटकळ. बारीक आवाजात बोलणाऱ्या पोरींना ती सरळ सांगायची, तुझं काही कळत नाही, दुसऱ्याला बसव. मच्छिंद्रचा आवाज कारखान्यातला, मशीनच्या वरून ऐकू जाणारा. तिने विचारलं, तुझ्या घरी कोण कोण आहे? त्याने सांगितलं, आई, बायको, पोरगी आणि… इथे तो अडला. म्हशीला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात ते त्याला ठाऊक नव्हतं. मग म्हणाला, काळी गाय. खूप जाड. तिला पाण्यात बसायला आवडतं. पिलार बराच वेळ विचार करून म्हणाली, तो पाणघोडा असेल.

सगळा वर्ग हसला. मच्छिंद्रही हसला, आणि हसता हसता बोलत सुटला. हा पाणघोडा दूध देतो, त्या दुधाचा चहा होतो, शिंगं कशी वळतात, सगळं हातवाऱ्यांनी आणि मोडक्या वाक्यांनी. कोणीही मध्ये पडलं नाही. मी शर्मिलाकडे पाहिलं. ती येरझाऱ्या घालायची विसरली होती.

वेळ संपली. मच्छिंद्र उठला, कॅमेऱ्यासमोर हात जोडून म्हणाला, “ब्वेनो, पिलार. बेंगो आओरा.” आणि कॉल बंद केला. आम्ही टाळ्या वाजवल्या. पहिल्या धड्यातच निरोपाचे ‘आदियोस’ आणि ‘आस्ता लुएगो’ शिकलो होतो, पण त्या क्षणी कोणाला ते आठवलंही नाही. त्याने अगदी बरोबर म्हटलं होतं, असंच मला वाटलं. बरं, येतो आता.

सोमवारी नूरियाचा निरोप आला. मी पुस्तक परत द्यायला वर्गात गेले होते. शर्मिला फोन हातात धरून दारापासून फळ्यापर्यंत चालत होती आणि उंबरठ्याच्या आत असूनही मराठीत बोलली.

“मुक्ताताई, ‘बेंगो आओरा’चा अर्थ सांगा.”

“येतो आता.”

“तिकडे त्याचा अर्थ होतो, आलोच. एक मिनिटात परत येतो.” ती थांबली. “ती बसून राहिली. जेवायची घंटा झाली, बाकीचे उठून गेले, ती उठेना. म्हणाली, तो काळ्या गाईवाला येतोय. ताट झाकून ठेवलं, ते तसंच राहिलं. रविवारी पुन्हा तिथे जाऊन बसली.”

आपण आयुष्यभर घरातून निघताना ‘येतो’ म्हणतो. ‘जातो’ म्हणायचं नसतं, हे आपल्याला कोणी शिकवतसुद्धा नाही, ते अंगातच असतं. त्या गड्याने तेच केलं होतं. प्रत्येक शब्द बरोबर, रूप बरोबर, उच्चारही बऱ्यापैकी. आणि एक म्हातारी उपाशी राहिली.

नूरियाने पुढे लिहिलं होतं की मुलं-नातवंडं ‘येतो’ सांगून न येणं हे तिच्याकडे रोजचंच आहे, त्यात परक्या देशातल्या लोकांची भर नको. कॉल बंद करावेत असं तिच्या वरिष्ठांचं म्हणणं होतं. शर्मिलाने विनंती केली तेव्हा एवढंच ठरलं की येत्या शनिवारी एकदा काय ते बोलून घ्या, मग पाहू.

“याला म्हणतात पोचलं,” शर्मिला म्हणाली. “मी रोज सांगते ना, चुकलं तरी चालेल, पोचलं की झालं. पोचलं की. नको ते पोचलं.”

एरवी मी ही संधी सोडली नसती. पण तिचा चेहरा बघून पुस्तक तेवढं टेबलावर ठेवलं.

तिच्यापुढे पेच असा होता. मच्छिंद्रला सांगावं, तर नुकतंच सुटलेलं त्याचं तोंड पुन्हा मिटणार. तो त्या शनिवारी पाठ केलेलं बोललाच नव्हता, आतून बोलला होता, म्हणून तर पुस्तकातलं सोडून घरचं वाक्य तोंडात आलं. चूक हीच त्याच्या बोलू लागण्याची खूण होती. आणि न सांगावं, तर शनिवारी लॅपटॉपसमोर बसवायचं कोणाला? ती मंगळवारभर हेच घोळवत राहिली. मला तीनदा फोन केला. एकदा म्हणाली सांगते, एकदा म्हणाली नाही सांगत, तिसऱ्यांदा नुसताच चालण्याचा आवाज.

तिचा प्रश्न चैतालीने सोडवला. शनिवारच्या कॉलमुळे तिची वृद्धाश्रमातल्या एका मुलीशी मैत्री झाली होती, तिच्याकडून तिने हकीकत ऐकली आणि आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, डोळ्यांतून पाणी येईतो हसणारे चेहरे लावून. ‘ओएमजी मच्छिंद्र, आजी इज स्टिल वेटिंग.’ पाच मिनिटांत ग्रुपवर ओळ उमटली, मच्छिंद्र यांनी ग्रुप सोडला.

बुधवारच्या वर्गाला तो आला नाही. चैताली रडवेली होऊन बसली होती, गंमत केली म्हणाली. शर्मिला तिला रागावली नाही. तिने फळ्यावर ‘मे बॉय’ लिहिलं, म्हणजे ‘मी जातो’, आणि प्रत्येकाने निघण्याचं नाटक करून ते म्हणायचं असं सांगितलं. वर्गाच्या इतिहासातला तो सर्वांत वाईट तास. मी दारापर्यंत गेले, वळले, आणि तोंडातून ‘बेंगो’च आलं. दुसऱ्यांदा ‘मे बॉय’ म्हणाले खरी, पण असं वाटलं की आपण काहीतरी अभद्र बोललो. शेवटी एकजण म्हणाला, आपण सरळ ‘बाय’ म्हणू या. शर्मिलाने खडू टाकला आणि वर्ग लवकर सोडला.

“गाडीवर बसाल?” तिने मला विचारलं.

“कुठे?”

“माणला.”

मला नाही म्हणायचं होतं. पण ती तोवर स्कूटर काढायला निघाली होती.

हिंजवडीच्या रस्त्याबद्दल मी काही लिहिणार नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. कंपन्यांच्या बसगाड्यांच्या मध्ये आम्ही अडकलो होतो, पुढे जाता येत नव्हतं, मागे वळता येत नव्हतं. शर्मिला दर मिनिटाला पाय टेकवायची आणि उचलायची. उजवीकडे एक काचेची इमारत दाखवून म्हणाली, “तिसऱ्या मजल्यावर बसायचे मी.”

“मग इतक्या वर्षांत एकदाही तिकडे गेली नाहीस?” मी विचारलं. “स्पेनला?”

“दर वेळी काहीतरी निघालं. वडिलांचं आजारपण, मग नवी बॅच.” सिग्नल हिरवा झाला, पण कोणीच हललं नाही. ती मान न वळवता म्हणाली, “खोटं बोलतेय मी. भीती वाटते. तिथे उतरले, कोणीतरी समोर येऊन काहीतरी विचारलं, आणि पुन्हा तशीच जीभ अडकली तर? मग इथे येऊन मी काय शिकवू? इथे मी मागे उभी असते. बोलता तुम्ही लोक.”

मागून हॉर्न सुरू झाले. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, एवढंच मला करता आलं.

मच्छिंद्रचं घर दोन उंच इमारतींच्या मधल्या पट्टीत होतं. अंगणात ती सुप्रसिद्ध काळी गाय बांधलेली. तो तिच्यापुढे कडबा टाकत होता. आम्हाला पाहून कसनुसा झाला, बायकोला हाक मारून चटई टाकायला सांगितली. शर्मिला बसली नाही.

“मच्छिंद्र, चूक तुझी नाही,” तिने सुरुवात केली. वाटेत तिने सगळी मांडणी केली होती. आपल्या भाषेतली पद्धत, त्यांच्या भाषेतली पद्धत, चैतालीचा बालिशपणा. शनिवारी आपण त्यांना समजावून सांगू, मी सगळं लिहून देते, तू फक्त वाचायचंस.

त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, “मॅडम, त्या पोरीचं काय न्हाय. हसंना का.” हात झटकत तो उभा राहिला. “म्हातारी जेवली न्हाय म्हनं?”

“त्या दिवशी नाही जेवली.”

“आन् दुसऱ्या दिवशीबी येऊन बसली.”

“हो.”

“मंग समजावून काय सांगायचं त्यात? आमच्यात असं म्हनत्यात, तुमच्यात तसं म्हनत्यात, ह्ये ऐकून तिचं पोट भरनार हाय का? मी येतो म्हनलो. तिनं वाट बघितली. मी गेलो न्हाय. एवढंच झालंय.”

“पण तुला तसं म्हणायचं नव्हतं.”

“तिला ठावं हाय का मला काय म्हनायचं हुतं?” त्याने म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला. “ग्रुप सोडला त्यो पोरं हसली म्हनून न्हाय. म्हनलं, त्या म्हातारीला आता कुठल्या तोंडानं भेटू. ऐकल्यापासनं घास उतरंना. तुम्ही लिवून देऊ नका काय. मी येतो शनिवारी.”

“नक्की?” शर्मिलाने विचारलं.

तो पहिल्यांदा हसला. “मी म्हनलो न्हवं, येतो.”

परतीच्या वाटेवर शर्मिलाने त्या काचेच्या इमारतीकडे पाहिलंही नाही. तिने वाटभर केलेली मांडणी त्या माणसाने कडब्याबरोबर झाडून टाकली होती, आणि तिला बरं वाटलं की वाईट हे मला सांगता येणार नाही. मला विचाराल तर, मी बेचैन झाले होते. माणसाने इतका साधा विचार करावा आणि आपल्याला तो सुचू नये, याचा मला राग आला.

शनिवारी वर्ग वेळेआधीच भरला. मच्छिंद्र इस्त्रीचा शर्ट घालून आला, कोणाकडे न बघता लॅपटॉपसमोर बसला. चैतालीने त्याच्याजवळ जाऊन ‘सॉरी दादा’ म्हटलं, त्याने मान हलवली. शर्मिला मागे चालत होती. भिंत, खिडकी, भिंत, खिडकी. मी तिला बस म्हणाले, तिने ऐकलं नाही.

पडद्यावर आधी नूरिया दिसली. नमस्कार झाला, पण तिचा चेहरा ऑफिसचा होता. मग तिने खुर्ची सरकवली आणि पिलार आली. केस विंचरलेले, अंगात जांभळा स्वेटर. तिने डोळे बारीक करून पडद्यात पाहिलं. मच्छिंद्र ताठ बसला होता. त्याच्या मानेवरचा घाम मला दिसत होता. सगळ्यांना वाटलं, मिटलं याचं तोंड परत.

पिलारच बोलली. “आस तार्दादो.” उशीर केलास.

मच्छिंद्रने तोंड उघडलं, मिटलं. मागे शर्मिलाच्या पावलांचा आवाज थांबला. तिला पुढचं वाक्य पुरवायचं होतं, तिच्या ओठांवर ते आलेलं मी पाहिलं. तिने ते गिळलं.

“मूचो त्राफिको,” मच्छिंद्र म्हणाला. फार ट्रॅफिक होतं.

नूरिया आधी हसली. मग तिने ते पिलारच्या कानात मोठ्याने सांगितलं, आणि म्हातारी अशी हसली की तिला खोकला आला. मच्छिंद्र थांबला. तिचा खोकला निवल्यावर त्याने आवाज खाली आणून विचारलं, जेवलीस का? ती म्हणाली, अजून घंटा झाली नाही. तो म्हणाला, त्या दिवशी जेवली नाहीस, ते माझ्यामुळे, मला वाईट वाटलं. क्रियापदाचा काळ चुकला होता. मी मनात तो दुरुस्त केला आणि लगेच माझीच मला लाज वाटली. पिलारने हात उडवला. म्हणाली, त्या दिवशी मासे होते, त्यांना इथे मासे करता येत नाहीत, काही गमावलं नाही.

मग काळ्या गाईची चौकशी झाली. मच्छिंद्रने मोबाइलवरचा फोटो पडद्याला लावून दाखवला. पिलारने निरखून पाहिला आणि जाहीर केलं की पाणघोडा नाही, पण फार लांबचाही नाही.

तिकडे कुठेतरी घंटा वाजली. शर्मिला खिडकीशी उभी होती, हाताच्या मुठी करून. ‘मे बॉय’ फळ्यावर अजून तसंच होतं, कोणी पुसलं नव्हतं. मच्छिंद्रने फळ्याकडे एकदा पाहिलं. हात जोडले. “ब्वेनो, पिलार,” तो म्हणाला, आणि जरा थांबून, “बेंगो एल साबादो.”

शनिवारी येतो. त्याने ‘जातो’ म्हटलं नाही ते नाहीच, फक्त ‘येतो’ला वार जोडला. आपण वार जोडत नाही. आपलं ‘येतो’ मोकळंच असतं, कोणी येण्याची अपेक्षाही धरत नाही. पिलारने मात्र मान वळवून नूरियाला बजावलं, शनिवार, लिहून ठेव. नूरियाने आमच्याकडे पाहून अंगठा वर केला. तिचा चेहरा आता ऑफिसचा राहिला नव्हता. वर्गात खुर्च्या सरकल्या, कोणीतरी मच्छिंद्रच्या पाठीवर थाप मारली, चैतालीने नाक पुसलं. कॉल चालू राहणार होते. मला हायसं वाटलं, आणि मी शर्मिलाला ते सांगायला वळले.

पण पिलार उठली नव्हती. ती मच्छिंद्रच्या खांद्यावरून मागे पाहत होती.

“आणि ती?” तिने विचारलं. “ती सारखी चालणारी. नूरियाची म्हणे ती इतक्या वर्षांची मैत्रीण आहे.” तिने बोट उचलून पडद्यावर ठेवलं. “तू. तू कधी येणार?”

मच्छिंद्र खुर्चीवरून उठून बाजूला झाला. आता पडद्यासमोर मध्ये कोणी नव्हतं. शर्मिला दोन पावलं पुढे आली. नूरियाही आता हसत नव्हती, वाट पाहत होती. शर्मिलाने एक श्वास घेतला, मग दुसरा. तिच्या ओठांवर ‘बें’ आलं, मी पाहिलं, मीच काय सगळ्या वर्गाने पाहिलं. ते तिने तिथेच सोडून दिलं.

“नो लो से,” ती म्हणाली. मला माहीत नाही.

पिलारने तिच्याकडे पुष्कळ वेळ पाहिलं. मग खुर्चीचे हात धरून उठता उठता काहीतरी म्हणाली आणि जेवायला गेली. एरवी शर्मिला असं प्रत्येक वाक्य आम्हाला उलगडून सांगायची. त्या दिवशी तिने सांगितलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही. ते सगळ्यांना कळलं होतं. म्हातारी म्हणाली होती, बरं, निदान येते तरी म्हणत नाहीस.